पात्राचं शरीर खेळाडूचं, जिना मास्टरचा

तुझा प्रश्न लांबलचक आहे आणि त्यात तीन-चार गुंते एकमेकांत अडकलेत. मला तो असा समजला: धरमपेठेतल्या एका फ्लॅटवर दर रविवारी तू डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (डी अँड डी) टेबल चालवतेस: जग आणि गोष्ट मांडणारी मास्टर तू, आणि एकेक पात्र खेळणारे पाच खेळाडू. त्यातली एक अपघातानंतर व्हीलचेअर वापरते आणि तिला तिचं पात्रही चाकाच्या खुर्चीत हवंय. दुसऱ्याने फक्त तुला सांगितलंय की तो गे आहे. आपल्या पात्राने एखाद्या पुरुषाच्या प्रेमात पडावं असं त्याला वाटतं, पण बाकीच्यांना यातलं काही माहीत नाही. तिसरा दर वेळी विचारतो, "अबे, जादू आहे ना गेममध्ये? मंग क्लेरिक तिचे पाय काऊन नाही नीट करून देत?" (क्लेरिक म्हणजे मंत्राने बरं करणारं पुजारी पात्र.) आणि तुला हवंय ते असं, की नियम कोणाच्या बाजूने आहेत, जगात भेदभाव ठेवावा की काढून टाकावा, आणि 'सेफ्टी टूल्स', म्हणजे नकोसा प्रसंग टाळायच्या पद्धती, म्हटलं की सगळे दात काढतात त्याचं काय करायचं.

मी नागपुरात बरीच वर्षं टेबलं चालवतोय. मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे, म्हणजे मधलं दिसतं, कडेचं नाही, आणि दिवेलागणीनंतर जवळजवळ काहीच नाही. मी गे आहे. तेव्हा हे उत्तर तटस्थ माणसाचं आहे असं समजू नकोस.

माझ्या टेबलावर वाटणी अगदी साधी असते. पात्राचं शरीर, त्याची ओढ, त्याचं नाव हे सगळं खेळाडूच्या ताब्यात. जग मास्टरच्या ताब्यात. जिना तू बांधलास, तर जिन्याचा जाब तुला द्यायचा, तिच्या पायांना नाही. यात माझं स्वतःचं फारसं काही नाही. ब्रिटनमधल्या अपंगांच्या एका संघटनेने 1976 साली हेच म्हटलं होतं, की माणसाला अडवते ती समाजाची रचना. माइक ऑलिव्हर यांनी 1983 मध्ये त्याला सामाजिक मॉडेल असं नाव दिलं. आपल्याकडच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याची व्याख्याही शरीरातली उणीव आणि बाहेरचे अडथळे यांचा एकत्र विचार करते. खऱ्या आयुष्यात अडथळे कोणी उभे केले ते शोधायला महापालिकेपासून बिल्डरपर्यंत फिरावं लागतं. टेबलावर मात्र गुन्हेगार समोरच, पडद्यामागे नोट्स घेऊन बसलेला असतो.

आता क्लेरिकवाल्या मित्राकडे येऊ, कारण त्याला उडवून लावू नये असं माझं मत आहे. जग आतून जुळलं पाहिजे, हा त्याचा आग्रह रास्त आहे. फक्त त्याने नियम नीट वाचलेले नाहीत. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत तुटलेला अवयव परत आणणारा स्पेल (मंत्र) म्हणजे रीजनरेट. तो सातव्या पातळीचा, म्हणजे तो टाकायला तेराव्या लेव्हलचा, फार मुरलेला क्लेरिक लागतो. असा माणूस गल्लोगल्ली भेटत नाही, आणि भेटला तर त्याच्या दारात राजे रांगेत उभे असतील. दुसऱ्या पातळीचा लेसर रिस्टोरेशन आंधळेपण, बहिरेपण, लुळेपण घालवतो हे खरं. पण तिथे 'ब्लाइंडेड', 'पॅरलाइज्ड' या लढाईत ओढवलेल्या अवस्था आहेत. बरी झालेली जुनी दुखापत, किंवा जन्मापासूनची शरीराची घडण, ही त्या अर्थाने अवस्थाच नाही असं मास्टर म्हणू शकतो, आणि मी म्हणतो. शिवाय त्याला एक विचार: त्याचा फायटर दहा बाण खाऊन आठ तास झोपतो आणि सकाळी ठणठणीत उठतो, तेव्हा वास्तवाची आठवण कोणाला येते? वास्तव आठवतं ते नेमकं खुर्ची दिसल्यावर. हे त्याला चारचौघांत सुनवू नकोस, बाजूला घेऊन सांग. बहुतेक मुलं समजतात.

त्याला आणखी एक काम देता येईल. जग जुळवायची एवढी हौस आहे ना, तर खुर्ची त्यालाच घडवू दे. बैलगाडीचं चाक जसं बनतं तसा विचार करायला लाव: आरे कोणत्या लाकडाचे, लोखंडी धाव कोण चढवतो, आसाला वंगण कशाचं, काळ्या मातीत पावसाळ्यात चाक रुतलं तर काय. शंकरपटातल्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीतल्या, हलक्या गाड्या कशा पळतात ते ज्याने विदर्भात एकदा पाहिलंय, तो चाकावरचं पात्र हळू असणार असं म्हणणार नाही. सुताराच्या आणि लोहाराच्या शोधातून दोन-तीन साहसं सहज निघतात. तयार नियम हवे असतील तर सारा थॉम्पसन यांनी 2020 मध्ये पाचव्या आवृत्तीसाठी 'कॉम्बॅट व्हीलचेअर' लिहून फुकट उपलब्ध केली. क्रिटिकल रोल या लोकप्रिय कार्यक्रमातही ती आली. तेव्हा इंटरनेटवर जो गदारोळ झाला, त्यातला मुख्य आक्षेप तुझ्या मित्राचाच होता, फक्त भाषा जास्त घाण.

पण खुर्चीच्या नियमांहून मोठी गोष्ट तुझ्या नकाशात आहे. गढी, भुयार, मनोरा, सगळीकडे आपण सवयीने जिने काढतो. जरा विचार कर, हत्ती, तोफा आणि धान्याच्या गाड्या जिन्याने वर गेल्या असतील का? किल्ल्यात उतार असणारच. 2021 च्या 'कँडलकीप मिस्टरीज' या अधिकृत संग्रहात जेनिफर क्रेचमर यांनी एक साहस लिहिलंय, त्यातली जागा पूर्णपणे व्हीलचेअरने फिरता येईल अशी आखलेली आहे. खेळताना ते मुद्दाम केलंय असं जाणवतही नाही. आणि कधीतरी जिना ठेवायचाच असेल तर ठेव, पण तो कोणीतरी कशासाठी तरी बांधलाय हे तुला माहीत असू दे. ज्या मंदिराला फक्त पायऱ्याच आहेत, त्याच्या पुजाऱ्यांना कोण आत यायला नको होतं? हा चांगला कथेचा प्रश्न आहे. दर खोलीत मात्र तोच प्रश्न आला तर ती खेळाडू कंटाळेल. तिला रविवारी ड्रॅगन मारायचाय. पायऱ्यांशी झगडायला आठवड्याचे बाकीचे सहा दिवस असतातच.

आणि तिला विचारलंयस ना? ती मागतेय म्हणून खुर्ची. उद्या ती म्हणाली की पुढच्या कॅम्पेनमध्ये (लांब चालणाऱ्या गोष्टीत) मला छपरांवरून उड्या मारणारी चोर व्हायचंय, तर होऊ दे. मला ओळखणारे लोक माझ्या पात्रासाठी आपण होऊन अंध ऋषी सुचवतात. मी गरुडासारखी नजर असलेला तिरंदाज खेळतो आणि मला त्यात मजा येते. अपंग माणसाने अपंगच खेळावं, गे माणसाने गेच खेळावं, हेही दुसऱ्याच्या पात्रावर मालकी सांगणंच झालं.

'बरं करून टाका' ही घाई कॉमिक्सवाल्यांनाही फार जुनी आहे. 1988 मध्ये बॅटमनच्या एका गोष्टीत जोकर या खलनायकाने बार्बरा गॉर्डनला, म्हणजे बॅटगर्लला, गोळी घातली, आणि तिला चालता येईनासं झालं. त्या गोष्टीत तिचं काम एवढंच होतं, दुसऱ्यांच्या दुःखासाठी जखमी होणं. मग किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या जोडप्याने 1989 मध्ये तिला ऑरॅकल म्हणून परत आणलं: व्हीलचेअरमध्ये बसलेली, साऱ्या सुपरहिरोंना माहिती पुरवणारी, त्या जगातलं सगळ्यात तल्लख डोकं. वीसहून जास्त वर्षं ती तशी होती. 2011 मध्ये कॉमिक्सच्या कंपनीने ते विश्व नव्याने सुरू केलं आणि ती पुन्हा चालू लागली, बॅटगर्ल झाली. कित्येक अपंग वाचकांना त्या दिवशी आपलं माणूस गेल्यासारखं वाटलं. गंमत म्हणजे मधे 1993 मध्ये बॅटमनची पाठ मोडली होती, आणि तो थोड्याच काळात उभा राहिला. कोणाचं शरीर किती लवकर बरं होतं, हे त्या विश्वातलं विज्ञान ठरवत नाही, लेखक ठरवतो.

आपल्याकडे 'हे सगळं पाश्चात्त्य फॅड आहे' असं कोणी म्हणेलच, म्हणून अष्टावक्र हाताशी असू दे. आठ ठिकाणी वाकलेला तो मुलगा जनकाच्या दरबारात जाऊन बंदी नावाच्या पंडिताला वादात हरवतो. वनपर्वात पुढे वडिलांच्या सांगण्यावरून तो समंगा नदीत उतरतो आणि त्याचे अवयव सरळ होतात. म्हणजे महाभारतालाही त्याला तसंच ठेवणं जड गेलं. पण क्रम बघ: वाद जिंकून झाला, बंदीकडे आधी हरलेला बाप सुटला, त्यानंतर नदी. जिंकायला सरळ हातपाय लागले नव्हते. शिखंडीला यक्षाकडून पुरुषत्व मिळतं, तीही अशीच, टेबलावर चर्चेला घेण्यासारखी गोष्ट. तिथे मागणारी व्यक्ती स्वतः मागते, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आता तुझा दुसरा खेळाडू. इथे मी थोडा कडक बोलणार आहे. त्याने तुला सांगितलंय, टेबलाला नाही. त्याच्या पात्राचं प्रेमप्रकरण सुरू झालं की तुझ्या चेहऱ्यावर खास हसू येता कामा नये, त्याच्याकडे बघून डोळा मिचकावणं नको, 'मला माहितेय' असा सूर नको. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. ते कोर्टात झालं. घरी कळणं हा वेगळाच मामला आहे, आणि नागपूर एवढं मोठं झालं तरी बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) चक्कर मारली की आत्याच्या शेजारीणबाई भेटतातच. तुमच्या कॅम्पेनचा व्हॉट्सअॅप ग्रुप असेल. त्यात सेशनचा सारांश टाकताना 'अमक्याच्या पात्राने सरदाराचं चुंबन घेतलं' असं खेळाडूच्या खऱ्या नावाने लिहू नकोस, पात्राच्या नावाने लिही. स्क्रीनशॉट कुठे जातो सांगता येत नाही. रेकॉर्डिंग करत असाल तर सगळ्यांना विचारून. आणि ज्या फ्लॅटवर खेळता तिथे शेजारच्या खोलीत काकू असतात का? 'माझा नवरा कैदेत आहे, मला त्याला सोडवायचंय' हे वाक्य भिंतीपलीकडे कसं ऐकू जाईल, याचा विचार त्याने केलेला असतो. तूही कर.

सगळ्यात उपयोगी युक्ती साधी आहे: त्याचं पात्र काही बोलण्याआधी जग भरून ठेव. पहिल्याच गावात पाटील आणि त्याचा नवरा भांडताना दिसू देत, विषय बाजारभावाचा. दोन विधवा मिळून खाणावळ चालवतात आणि एकाच खोलीत राहतात. नावाडी पूर्वी कोणाची तरी मुलगी होता, आता नावाडी आहे, आणि कोणाला त्यात बोलण्यासारखं काही वाटत नाही. मग तुझ्या मित्राचं पात्र सरदाराकडे बघून थबकलं तर ते गावातलं आणखी एक प्रकरण, एवढंच. टेबलाच्या नजरा वळणार नाहीत. नियमांचं विचारत होतीस, तर 2014 च्या प्लेयर्स हँडबुकातच लिहिलंय की पात्राचं लिंग आणि लैंगिकता दोनच चौकटींत कोंबायची गरज नाही. पण नियम दाखवून भांडण जिंकण्यापेक्षा पाटलाचा नवरा जास्त कामाचा.

मराठीत चालवणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. आपल्या क्रियापदातच लिंग येतं, त्यामुळे 'मी भिंतीवर चढतो' की 'चढते' हे पहिल्या वाक्यातच उघड होतं. कोणी खेळाडू आपल्या नेहमीच्या बोलण्यापेक्षा वेगळं रूप वापरू लागला तर तेच रूप तू उचल, न अडखळता, आणि त्यावर काही बोलू नकोस. काही जण अनेकवचन घेतात, तेही तसंच. ट्रान्स मित्रांकडून मी ऐकलंय की आपलं खरं नाव पहिल्यांदा मोठ्याने हाक मारलेलं त्यांनी कॅरेक्टर शीटमुळे ऐकलं. त्याच टेबलावर दुसरा कोणी निव्वळ गंमत म्हणून बाईचं पात्र खेळत असतो. कोण कुठल्या कारणाने खेळतंय याचे अंदाज मास्टरने बांधायचे नाहीत. आणि तो मित्र खरोखर त्रासात असेल, घरचं प्रकरण हाताबाहेर जात असेल, तर तू समुपदेशक नाहीस. नागपुरात सारथी ट्रस्ट ही संस्था एलजीबीटी समुदायासोबत काम करते, त्यांच्याकडे जा म्हणावं.

भेदभाव जगात ठेवायचा की नाही, याला माझं ठरलेलं उत्तर नाही. काहींना आठवड्यातून चार तास असं जग हवं असतं जिथे कोणी काही विचारत नाही. काहींना उलट त्या जगात शत्रू समोर दिसतो म्हणून बरं वाटतं, कारण तिथे त्याला तलवारीने मारता येतं. विचारावं लागतं, आणि विचारायची वेळ म्हणजे सेशन झीरो, खेळ सुरू होण्याआधीची बैठक. रॉन एडवर्ड्स यांची रेषा आणि पडदे ही पद्धत मला अजून सगळ्यात बरी वाटते. रेषा म्हणजे खेळात येणारच नाही ते. पडदा म्हणजे घडेल, पण आपण तिथून नजर वळवू. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, नाव न टाकता, आणि तू एकत्र करून वाचायचं, म्हणजे कोणी लिहिलं ते कळत नाही. चिठ्ठीत जातही येऊ दे. फँटसीत 'उच्च रक्ताचे' आणि 'हीन वंशाचे' असले शब्द सर्रास असतात. दीक्षाभूमीच्या गावात ते सहज म्हणून तोंडातून जाऊ नयेत.

हसण्याबद्दल: 'एक्स कार्ड' हे नाव आणि त्याचं इंग्रजी प्रास्ताविक ऐकूनच पोरं हसतात. जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांची ती कल्पना उत्तम आहे: टेबलावर एक कार्ड, कोणाला प्रसंग सहन होत नसेल तर त्याने ते उचलायचं, प्रसंग बदलायचा, कारण विचारायचं नाही. मी कार्ड ठेवत नाही. टेबलाच्या मधोमध एक सुपारी ठेवतो. 'नको असेल तर सुपारी उचल', एवढंच सांगतो, आणि पहिल्या तासात एखाद्या फालतू कारणासाठी मीच ती उचलतो, समजा कोणी कोळ्याचं फार रसभरीत वर्णन केलं म्हणून. एकदा मास्टरने उचलली की ती उचलणं लाजेचं राहत नाही.

भेदभाव कथेत आणून काय होऊ शकतं, त्याचं आपल्याच गावातलं उदाहरण देतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे. लोक ओरडतात, "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" आणि शेवटी पुतळे जाळतात. मला ही मिरवणूक फार आवडते. इतवारीच्या गर्दीत दिसत काही नाही, पण दोन्ही मारबती समोरासमोर आल्या की गर्दीचा आवाजच सांगतो. तरी त्या यादीत रोगराई आहे, पीडा आहे, आणि गावाने ज्याला पीडा ठरवलं तो माणूस त्या गर्दीत कुठे उभा राहतो, हे आम्ही एका कॅम्पेनमध्ये खेळून पाहिलं. आमच्या कल्पित गावात पुतळ्याऐवजी जिवंत माणसाला गाडीत बसवून वेशीबाहेर सोडायचे. घराघरातून लोक येऊन आपली पीडा मोठ्याने सांगत आणि गाडीत टाकत. त्या वर्षी निवड झाली पाठीला बाक असलेल्या एका कुंभारणीची. ती खेळणारी मुलगी स्वतः कुबड्या वापरते.

मी पाठलागाची तयारी केली होती. पहारेकरी, नदी, पलीकडचं जंगल, सगळ्यांचे आकडे काढून ठेवले होते. कुंभारीण पळालीच नाही. ती वेशीवर गाडीतच बसून राहिली आणि तिने एक वही उघडली. म्हणाली, "ज्याने ज्याने आपली पीडा माझ्या गाडीत टाकली, त्याने सही करून परत न्यावी. मी ओझं वाहायला बसलेली नाही." पुढची काही सेशन्स गाव रांगेत उभं होतं. सावकार रात्री आला, तोंड झाकून, आपला जुना खोटा कागद परत मागायला. एका बाईला स्वतःचा झटके येणारा मुलगा परत हवा होता. तिने त्याचं नाव पीडा म्हणून घेतलं होतं. दुसऱ्या एका खेळाडूचं पात्र होतं सोनार. त्याच्या भावाने गाडीजवळ येऊन सोनाराचं आणि त्याच्या भागीदाराचं नातं पीडा म्हणून ओरडून सांगितलं होतं. सोनार दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर वेशीवर गेला आणि म्हणाला, "हे माझं आहे. द्या." वहीत सही केली. त्या संध्याकाळी एकही फासा पडला नाही. सुपारीही कोणी उचलली नाही, पण ती समोर होती म्हणून आम्ही इतक्या आत जाऊ शकलो, असं मला वाटतं.

वेडाबद्दल दोन शब्द. कॉल ऑफ क्थुलु हा भयकथांचा रोलप्लेइंग खेळ 1981 पासून 'सॅनिटी', म्हणजे शहाणपण शाबूत असण्याचे, गुण मोजतो, आणि डी अँड डीच्या 2014 च्या मास्टरच्या पुस्तकातही वेडाचे तक्ते आहेत. फासा टाकायचा आणि पात्राला विकार चिकटवायचा. मी ते तक्ते वापरत नाही. भीती ठेवतो, थकवा ठेवतो, 'आता हात थरथरतोय' हे ठेवतो, आणि ते कसं दिसेल ते खेळाडू सांगतो. गर्प्स या आणखी एका खेळात अपंगत्व घेतलं की त्याच्या बदल्यात गुण मिळतात: आंधळेपणाचे 50, ते वापरून दुसरीकडे तलवारबाजी वाढवायची. आयुष्याने माझे ते 50 गुण अजून दिलेले नाहीत. व्याजासकट मागणार आहे.

आता जागा. प्रश्नात तू फक्त कथेचं विचारलंस, पण तुझी मैत्रीण फ्लॅटवर पोचते कशी? लिफ्ट आहे का, आणि लिफ्टपर्यंत पायऱ्या किती? आपल्याकडे 'लिफ्ट आहे' म्हणतात आणि तिच्याआधी तीन पायऱ्यांचा ओटा असतो. उताराचं मान साधारण 1:12, म्हणजे सहा इंचाच्या एका पायरीला सहा फुटांची फळी. तीन पायऱ्यांना अठरा फूट, आणि तेवढी जागा कुठल्याच पार्किंगमध्ये नसते. चार मित्रांनी खुर्ची उचलणं हा उपाय नाही. तिने स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी. बाथरूमचा दरवाजा मोज. खुर्ची साधारण दोन-सव्वादोन फूट रुंद असते, आणि आपल्या बाथरूमचे दरवाजे तेवढेच. ती दुपारभर पाणी पीत नसेल तर कारण हे असू शकतं. मेट्रो स्टेशनांवर लिफ्ट आहेत, तेव्हा स्टेशनला लागून असलेली, तळमजल्यावरची जागा शोधा.

आणि ऊन. मणक्याला वरच्या भागात इजा असेल तर त्याखालच्या शरीराला नीट घाम येत नाही, शरीर थंड होत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा दुपारी दोनला बोलावणं धोक्याचं आहे. सकाळी आठला भेटा, तर्री पोहे खा, अकराला घरी. नाहीतर ते दोन महिने ऑनलाइन. कूलर लावलात तर एक लक्षात ठेव, श्रवणयंत्र वापरणाऱ्याला कूलरचा घरघराट माणसाच्या आवाजासकट मोठा होऊन ऐकू येतो. माझ्या एका टेबलावर आम्ही बोलताना कूलर बंद करतो आणि फासे टाकताना चालू. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण लढाई एकदम शिस्तीत होते.

माझ्यापुरतं म्हणशील तर फासे काळे, आकडे पांढरे आणि ठळक, आणि ते स्टीलच्या परातीत टाकायचे. परातीबाहेर गेलेला फासा मला सापडत नाही. खणखणाट होतो म्हणून खाली टॉवेल. नकाशाचं मी घड्याळावर सांगायला लावतो: 'दोनच्या दिशेला दरवाजा, वीस फूट'. पूर्ण अंध खेळाडू असेल तर पुठ्ठ्यावर लोकरीचा धागा चिकटवून भिंती करता येतात. ब्रेलचे फासेही आहेत, डॉट्स आरपीजी प्रोजेक्टवाले थ्रीडी प्रिंट करतात. कॅरेक्टर शीट चौकटींनी भरलेल्या पीडीएफऐवजी साध्या मजकुरात दे, म्हणजे एनव्हीडीएसारखा फुकट स्क्रीन रीडर ते नीट वाचतो. बोलायला वेळ लागणारा कोणी असेल तर 'लवकर, तुझी पाळी' वाले वाळूचे घड्याळ फेकून दे.

डी अँड डी सोडून दुसरं काही खेळावं का, असं शेवटी विचारलंयस. लगेच नको, चालू कॅम्पेन मोडू नका. पण मधल्या एखाद्या रविवारी एव्हरी अॅल्डर यांचा 'ड्रीम आस्क्यू' खेळून बघा. फासे नाहीत, मास्टर नाही, कोसळत्या जगाच्या कडेला क्वीअर लोकांची वस्ती आणि तिचं रोजचं राजकारण. त्यांचाच 2012 चा 'मॉन्स्टरहार्ट्स' जास्त धारदार आहे. त्यात आपल्या पात्राला कोणाची ओढ वाटेल हे खेळाडूच्या हातात नसतं, नियम ठरवतो. म्हणजे मी वर सांगितलेल्या वाटणीच्या बरोबर उलट. प्रौढांनी, एकमेकांवर विश्वास असलेल्यांनीच खेळावा. तुझ्या मित्राने अजून सगळ्यांना सांगितलेलं नाही, तोवर तुमच्या टेबलावर तो नकोच. हलकंफुलकं हवं असेल तर 'थर्स्टी सोर्ड लेस्बियन्स', 2021 चा, नेब्युला पुरस्कार मिळालेला. आणि थॉर्नी गेम्सचा 'साइन' एकदा नक्की: निकाराग्वात 1977 मध्ये बहिऱ्या मुलांची शाळा सुरू झाली आणि मुलांनी आपापसात नवी खुणांची भाषा घडवली, त्यावर आहे. पूर्ण खेळ न बोलता. बोलघेवड्या टेबलांची पहिली वीस मिनिटं फार वाईट जातात.

राहता राहिला क्लेरिकवाला. खुर्ची घडवायचं काम दिलंस, बाजूला घेऊन बोललीस, तरी तो दर सेशनला पायांचा विषय काढत राहिला, तर त्याला जायला सांग. ती कंटाळून येणं बंद करेल आणि तो राहील, असंच बहुतेक टेबलांवर होतं, कारण ती भांडत नाही आणि तो ओरडतो. तिने विचारायची वाट बघू नकोस, मास्टर तू आहेस. चार खेळाडूंवर डी अँड डी व्यवस्थित चालतं, उलट लढाईच्या फेऱ्या लवकर आटोपतात.